उजवा रकाना

इंदूरला कॉलेजात आम्ही ८०८५ मायक्रोप्रोसेसरच्या किटवर असेंब्ली शिकलो. हेक्सच्या कळा आणि लाल आकडे, बस. त्या किटला लेबल कळत नाही, कॉमेंट कळत नाही. कळतात फक्त पत्ते आणि ऑपकोड. 'जेएनझेड'साठी (शून्य नसेल तर जंप) सी२ दाबायचं, मग पत्त्याचा खालचा बाइट, मग वरचा. प्रोग्राम माणसाने वाचायचा तो वहीतच.

गुंता होतो तो इथेच. मधली एक सूचना राहून गेली, तर खालचे सगळे पत्ते सरकतात. ते टाळायला मुलं लांबच्या रिकाम्या जागेवर जंप मारायची आणि राहिलेलं काम उरकून परत यायची. अशी चार ठिगळं लागली की नुसतं गुंतवळ. संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनी १९६८ मध्ये 'गो टू'वर टीका केली. असेंब्लीत मात्र जंपशिवाय गत्यंतर नाही. शिस्त आपणच लावायची: मागे जंप फक्त लूपसाठी, पुढे फक्त अटीसाठी, आणि वारंवार लागणारं काम सबरूटीनमध्ये.

एका सीनियरच्या वहीतून मी डिलेची सबरूटीन उतरवून घेतली होती. डी-ई जोडीत एफ४२४ भरायचं, 'डीसीएक्स डी'ने एक कमी करायचा, मग 'मूव्ह ए, डी', 'ओआरए ई' आणि शेवटी जेएनझेड. मधल्या दोन ओळी मला फालतू वाटल्या. वजाबाकी तर झाली, मग या कशाला? गाळून टाकल्या. डिस्प्लेवरचा आकडा जो थिजला, तो हलेचना.

रात्री रामबागेतल्या खोलीवर पुस्तक उघडलं तेव्हा उलगडा झाला. जेएनझेड बघतं झिरो फ्लॅग, आणि डीसीएक्स त्याला हातच लावत नाही. जोडी शून्यावर आली की नाही, हे त्या दोन ओळीच ठरवत होत्या. एफ४२४ म्हणजे ६२,५००. एका फेरीला २४ क्लॉक, ३ मेगाहर्ट्झला ८ मायक्रोसेकंद. सगळ्या फेऱ्या मिळून अर्धा सेकंद. यातलं काहीच वहीत नव्हतं.

'ए आणि ई यांचं ओआर केलं' अशी कॉमेंट असती, तरी मला उपयोग झाला नसता; ते सूचनाच सांगते. 'डीसीएक्स फ्लॅग लावत नाही, म्हणून दोन्ही बाइट तपासले', एवढं हवं होतं.

दुसऱ्या दिवशी त्या ओळी परत घातल्या, शेजारी कॉमेंटच्या उजव्या रकान्यात लाल शाईने कारण लिहिलं. आकडे पुन्हा अर्ध्या सेकंदाने बदलू लागले. आपली वही ज्युनियरला देणार असाल, तर आधी उजवा रकाना भरा.