घरच्या घरी वाइनची पारख



कामगार चळवळीतल्या माणसाने वाइनच्या पारखेवर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. पगाराच्या दिवशी दारूने उद्ध्वस्त होणारी घरे मी पाहिली आहेत. तेव्हा पिण्याचा पुरस्कार माझ्याकडून व्हायचा नाही. मद्य कर्करोगाला कारण होते, असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ सालीच दिला आहे. परंतु पिणे वेगळे आणि पारखणे वेगळे. नाशिकच्या परिसरात वाइनचा धंदा वाढला, राज्य सरकारने २००१ साली त्यासाठी धोरण आखले, आणि बाटली आपल्या मध्यमवर्गीय घरांत येऊन पोचली. तिच्याबरोबर एक भीतीही आली. जाणकारांपुढे आपण अडाणी ठरू, म्हणून माणूस किंमत पाहून मान डोलावतो. ही भीती अनाठायी कशी, एवढेच आज सांगावयाचे आहे.

प्रथम तांबडी आणि पांढरी यांतला भेद समजून घेऊ. बहुतेक काळ्या द्राक्षांचाही गर फिकटच असतो. रंग असतो तो सालीत. द्राक्षे चेचून रस सालींसकट आंबवला की तांबडी वाइन होते. साली आधीच वेगळ्या काढून नुसता रस आंबवला की पांढरी होते. सालीतून रंगाबरोबर टॅनिन नावाचे द्रव्यही उतरते. ते लाळेतल्या प्रथिनांना धरून बसते, म्हणून तोंड कोरडे पडल्यासारखे वाटते. या अनुभवाला आपल्या भाषेत पूर्वापार शब्द आहे: तुरट. जांभूळ, हिरडा, कच्चे केळे ज्याने खाल्ले आहे, त्याला टॅनिन शिकविण्यासाठी परदेशी पंडिताची गरज नाही. तांबडीचा कणा हा तुरटपणा, आणि पांढरीचा कणा आंबटपणा. म्हणून एकीच्या मापाने दुसरी मोजणे हा अन्याय होय.

जिभेला ही ओळख करून देण्यासाठी वाइनही लागत नाही. एका पेल्यात बिनदुधाचा कडक चहा घ्यावा, दुसऱ्यात लिंबाचे पाणी. चहाने हिरड्या आवळतात, लिंबाने तोंडाला पाणी सुटते. हे दोन परिणाम वेगळे ओळखता आले की निम्मी विद्या हाती आली. ज्यांना मद्य वर्ज्य आहे, त्यांनी येथेच थांबले तरी त्यांचे काही बिघडत नाही.

आता प्रत्यक्ष चाखणे. खोलीत उदबत्ती, अत्तर वा फोडणीचा वास नसावा. चाखणाऱ्याने तंबाखू-पान खाल्लेले नसावे. तोंडाशी किंचित निमुळता काचेचा पेला घेऊन तो तिसरा हिस्साच भरावा. पांढरी दोन-तीन तास थंड करावी. तांबडी खोलीच्या उष्णतेवर द्यावी हा नियम थंड देशांतला. आपल्या चैत्र-वैशाखात तीही अर्धा-पाऊण तास थंड केल्यावाचून तिच्यातला मद्यार्क नाकात झोंबतो. आधी पांढरी, मग तांबडी.

पेला पांढऱ्या कागदावर तिरपा धरून रंग पाहावा. जुनी होता होता पांढरी गडद होत जाते आणि तांबडी विटकरी. काचेवरून ओघळणाऱ्या धारांना फार मान देऊ नये. त्या मद्यार्काच्या खुणा आहेत, गुणाच्या नव्हेत. नंतर पेला फिरवून वास घ्यावा. ज्याला आपण चव म्हणतो, तिचा मोठा भाग नाकाचाच असतो. सर्दीत जेवण बेचव लागते ते यामुळेच. शिरक्याचा वास आला तर वाइन आंबून गेली. ओल्या पुठ्ठ्याचा आला तर बुचाचा दोष. मग लहान घोट तोंडात सर्वत्र खेळवावा आणि भांड्यात थुंकावा. व्यवसायाने चाखणारेही थुंकतातच. त्यात असभ्य असे काही नाही.

यानंतर चार प्रश्न कागदावर लिहावे. दोष आहे काय? आंबट, तुरट, गोड आणि मद्यार्काची ऊब यांपैकी एकच वरचढ झाले आहे, की मेळ आहे? चव किती वेळ रेंगाळते? आणि ही वाइन पुन्हा समोर आली तर ओळखू येईल काय? ‘मला आवडली की नाही’ हे शेवटी वेगळे लिहावे. आवडणे हा आपला हक्क आहे. चांगली ठरविणे हा निवाडा आहे.

निवाड्याची खरी अट मात्र पुढे आहे: बाटली झाकलेली हवी. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या बोर्दो येथील एका प्रयोगात वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरीच वाइन तांबडा रंग घालून दिली. त्यांनी तिचे वर्णन तांबडीच्या शब्दांत केले. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका प्रयोगात अमेरिकेतील संशोधकांनी एकच वाइन १० डॉलरची म्हणून आणि ९० डॉलरची म्हणून दिली. महागडी म्हटलेली लोकांना अधिक रुचली. उलट २४ मे १९७६ रोजी पॅरिस येथे स्टीव्हन स्परियर या इंग्रज व्यापाऱ्याने नावे लपवून चाचणी घेतली, तेव्हा फ्रेंच परीक्षकांनीच पांढऱ्या आणि तांबड्या दोन्ही गटांत पहिला क्रमांक कॅलिफोर्नियाच्या वाइनला दिला. नाव झाकले आणि प्रतिष्ठा गळून पडली.

म्हणून घरी एकाने बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून त्यांवर आकडे घालावे आणि स्वतः चाखू नये. बाकीच्यांनी न बोलता लिहावे. हात वर करून घेतलेले मत आणि गुप्त मतदान यांत किती अंतर पडते, हे संघटनेतल्या माणसाला सांगावे लागत नाही. पुढाऱ्याचा हात आधी वर जातो, आणि मागचे हात त्याच्याकडे पाहून वर जातात. वाइनच्या मेजावरही पहिला बोलणारा असाच पुढारी असतो.

आपली जीभ खरेच ओळखते की अंदाज करते, याचीही परीक्षा आहे. तीन पेले घ्यावे. दोहोंत एक वाइन, तिसऱ्यात दुसरी. वेगळा पेला कोणता ते सांगावे. नुसत्या अंदाजाने तिनांत एकदा बरोबर येईलच; पण लागोपाठ चार वेळा बरोबर येण्याचा संभव ८१ मध्ये एक. तेव्हा चारही वेळा जमले, तर आपल्या जिभेवर विश्वास ठेवण्यास हरकत नाही. न जमले, तर महागड्या बाटलीचे जादा पैसे आपण कशाचे मोजतो, हा प्रश्न स्वतःला विचारावा.

चौघांत मिळून दोन बाटल्या आणल्या, दोन-दोन चमचे चाखले, तर या विद्येला फार पैसा लागत नाही. लागते ते लक्ष, आणि शेजाऱ्याचे मत ऐकण्यापूर्वी आपले मत लिहून ठेवण्याचे धैर्य. ही सवय बाटलीपुरतीच राहू नये, इतकी इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.