बंद भट्टीची धग: तारापूर, फुकुशिमा आणि आचोळे

अणुभट्टी बंद केली तरी तिची उष्णता लगेच बंद होत नाही. नियंत्रक दांड्या आत सरकताच विखंडनाची साखळी काही सेकंदांत थांबते. पण तोवर तयार झालेल्या किरणोत्सारी मूलद्रव्यांचा ऱ्हास चालूच राहतो. बंद झाल्याक्षणी पूर्ण औष्णिक शक्तीच्या सहा-सात टक्के उष्णता इंधनातून निघत असते. पाण्याचे अभिसरण थांबले तर इंधन वितळवायला ती पुरते.

जपानमधल्या फुकुशिमा दाइची केंद्रात ११ मार्च २०११ रोजी हेच घडले. भूकंप होताच चालू भट्ट्या आपोआप बंद झाल्या आणि बाहेरची वीज गेल्यावर डिझेल जनित्रे सुरू झाली. पाऊण-एक तासात त्सुनामी आली आणि तळघरांतली बहुतेक जनित्रे व वीजफलक पाण्याखाली गेले. पहिल्या भट्टीत विजेवाचून चालणारा आपत्कालीन शीतक होता, पण त्याच्या झडपा त्या वेळी मिटलेल्या होत्या. वीज गेल्याने नियंत्रण कक्षाला त्यांची स्थितीही कळेना. तापलेल्या झिर्कोनियमच्या आवरणाची वाफेशी अभिक्रिया होऊन हायड्रोजन साठला आणि स्फोट झाले. तीन भट्ट्यांतले इंधन वितळले. त्सुनामी नैसर्गिक होती. जनित्रे तळघरात ठेवणे हा माणसाचा निर्णय होता.

हा धोका भारतानेही जवळून पाहिला आहे. ३१ मार्च १९९३ रोजी उत्तर प्रदेशातील नरोरा केंद्रात टर्बाइनची पाती तुटली, हायड्रोजन पेटला आणि आगीत वीजतारा जळाल्या. केंद्र सुमारे १७ तास अंधारात होते. कर्मचाऱ्यांनी डिझेलवर चालणाऱ्या अग्निशमन पंपांनी पाणी पोहोचवले, म्हणून इंधन वाचले. किरणोत्सार बाहेर पडला नाही. हे श्रेय त्या माणसांचे आहे, आणि त्याची आठवण फारच कमी काढली जाते.

पालघर जिल्ह्यातले तारापूर केंद्र १९६९ पासून वीज देते. त्याच्या पहिल्या दोन भट्ट्या अमेरिकी बनावटीच्या, फुकुशिमाप्रमाणेच पाणी थेट भट्टीत उकळणाऱ्या. तिसरी आणि चौथी भट्टी जड पाण्याची, प्रत्येकी ५४० मेगावॅटची. त्यांच्यासाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावे हलवावी लागली. २०१८ च्या नोव्हेंबरपासून डहाणू-तलासरी पट्ट्यात भूकंपाचे धक्के बसत आले आहेत. त्यांची तीव्रता सौम्य ते मध्यम, तरी या किनाऱ्यावर भूकंपाचा विचार कागदापुरता ठेवून चालणार नाही.

नालासोपारा पूर्वेचे आचोळे तारापूरपासून सरळ रेषेत साधारण ५० किलोमीटरवर, म्हणजे आपत्कालीन नियोजनाच्या १६ किलोमीटरच्या वर्तुळाच्या बरेच बाहेर आहे. पण किरणोत्सारी ढग वर्तुळ पाहून थांबत नाही. फुकुशिमापासून सुमारे ४० किलोमीटरवरचे इताते गाव सुरुवातीच्या २० किलोमीटरच्या क्षेत्राबाहेर होते. वारा तिकडे वळला, पाऊस-बर्फ पडले आणि सीझियम तिथे उतरले. गाव रिकामे करण्याचा निर्णय यायला महिना लोटला.

इथे उन्हाळ्यात दुपारचा वायव्येचा खारा वारा तारापूरकडून वसई-विरारच्या दिशेने येतो. पावसाळ्यात नैऋत्येचा वारा उलट आत, सूर्या नदीच्या खोऱ्याकडे जातो. वसई-विरारच्या नळाला पाणी मुख्यतः त्याच सूर्या प्रकल्पातून येते. म्हणजे हवा शुद्ध राहिली तरी पाण्याची तपासणी टळणार नाही.

किरणोत्सारी आयोडीन-१३१ चे अर्धायुष्य आठ दिवसांचे. ते दुधावाटे मुलांच्या कंठग्रंथीत साठते. चेर्नोबिलच्या अणुदुर्घटनेनंतर मुलांमध्ये त्या ग्रंथीचा कर्करोग वाढला. साध्या आयोडीनची गोळी वेळेत मिळाली तरच उपयोगी पडते, म्हणून साठा कुठे आणि वाटणार कोण हे आधी ठरलेले असावे लागते. सीझियम-१३७ चे अर्धायुष्य ३० वर्षांचे, त्यामुळे माती पिढीभर दूषित राहते.

फुकुशिमा परिसरातून दीड लाखांहून अधिक लोक हलले आणि स्थलांतराच्या हालांत अनेक वृद्ध दगावले. मासे चाचणीत उत्तीर्ण होऊनही गिऱ्हाईक मिळेना. सातपाटी-अर्नाळ्याचे कोळी, घोलवडचे चिकू बागायतदार आणि वसईचे भाजीवाले यांच्यावरही संशयाची अशीच वेळ येऊ शकते. आचोळ्यासारख्या दाट वस्तीत तर घराबाहेर न पडण्याची सूचना, गोळ्यांचे वाटप आणि पर्यायी पाणी यांचा आराखडा प्रभागनिहाय तयार हवा, आणि तो रहिवाशांना आधीच ठाऊक हवा.