रिकाम्या वेळेत कोडिंग करायचंय? प्रोजेक्ट घरच्या कांदापट्टीत सापडेल



"सर, कोडिंग थोडंफार शिकलोय, पण बनवू काय?" मंद्रूपच्या पोरांकडून हा प्रश्न हमखास येतो. मग इंटरनेटवरची यादी उघडायची, कामांची नोंदवही नाहीतर हवामानाचं ॲप करायला घ्यायचं आणि चार दिवसांत सोडून द्यायचं. कंटाळा येणारच, कारण ते कुणालाच नको असतं. तुम्हालाही नाही.

त्यापेक्षा घरात बघा. तेच गणित पुन्हा पुन्हा कागदावर कोण करतंय?

कांदापट्टीच घ्या. फेब्रुवारी २०२३ मधली बातमी आठवतेय का? बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांदा विकला. भाव मिळाला किलोला १ रुपया. वाहतूक, हमाली, तोलाई मिळून ५०९ रुपयांच्या वर कापले गेले आणि हातात आला २ रुपयांचा चेक! आपल्या भागातला कांदाही त्याच बाजारात जातो. म्हणजे गाडी भरायच्या आधी एक आकडा कळला पाहिजे: किती भावाच्या खाली माल नेणंच तोट्याचं?

हा झाला तुमचा प्रोजेक्ट. मोबाईलवर गुगल शीट उघडा. वजन, भाव, वाहतूक, हमाली, तोलाई यांचे पाच रकाने करा. वजन गुणिले भाव, त्यातून खर्च वजा, की हातात येणारी रक्कम मिळाली. आणि एकूण खर्चाला वजनाने भागलं की तो आकडा मिळाला. वरच्या पट्टीत तो जवळजवळ १ रुपया किलो येतो. म्हणजे बियाणं, खत, काढणी धरलीच नाही, तरी हिशेब शून्यावर!

हे जमलं की तेच पायथॉनमध्ये लिहा. पाच इनपुट, दोन उत्तरं, वीसेक ओळी. मग पुढचं सुचतं. हमाली नगावर असेल तर? गाडी दोघांत वाटून नेली तर? कृषी पणन मंडळाच्या वेबसाईटवर रोजचे भाव असतात, ते महिनाभर नोंदवून आलेख काढला तर? खरी मजा इथे आहे. मी यादी दिली असती तर हे प्रश्न तुम्हाला पडलेच नसते.

कांदा नसेल तर डेअरीचं बिल बघा. फॅट आणि एसएनएफवरून दर काढणं हाही मस्त खेळ आहे. भिशीचा हिशेब तर आहेच.

आपल्याच जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. त्यांचं गाजलेलं काम म्हणजे पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड. क्यूआर कोड काही त्यांनी शोधला नव्हता. वर्गातल्या मुलांना काय लागतं, ते मात्र त्यांना माहीत होतं.

एक सांगतो, राग मानू नका. पहिल्याच दिवशी "ॲप विकायचं किती ला?" नको. रविवारचे दोन तास, बास. विकायचं बिकायचं नंतर बघू, आधी शेजारच्या काकांनी ते स्वतःहून मागितलं पाहिजे.

या रविवारी घरातल्या जुन्या दहा पट्ट्या काढा आणि तुमच्या प्रोग्रामात भरा. पैशापैशाने जुळल्या तर झकास. नाही जुळल्या, तर कोणती कपात तुमच्या लक्षात आली नव्हती ते वडिलांना विचारा, आणि सहावा रकाना वाढवा.