शार्ङ्ग आणि वांश धनुष्य

अमरकोशांत धनु, चाप, कोदंड, कार्मुक हे शब्द पर्याय म्हणून दिले आहेत, आणि प्रस्तुत लेखकानेंही ते विद्यार्थ्यांकडून तसेच घोकून घेतले. परंतु १९०९ सालीं छापून आलेल्या कौटिलीय अर्थशास्त्रांत द्रव्यावरून भेद आहे : ताडाचें तें कार्मुक, वेळूचें कोदंड, लांकडाचें द्रूण, शिंगाचें धनु. तेथें ‘चाप’ हा शब्द धनुष्याचा नव्हे, वेळूच्या एका जातीचा आहे.

वासिष्ठ धनुर्वेदांत हा भेद वापरणारावर येतो. हत्ती-घोड्यांवरील योद्ध्यांस शार्ङ्ग, रथी व पदाति यांस वांश. कारण उघड आहे. शिंग, लांकूड व स्नायु सरसानें सांधलेलें धनुष्य आंखूड असूनही जोरदार असतें. घोड्यावर तेंच सोयीचें. मोगल चित्रांतील शिकारी उमरावांच्या हातीं बहुधा हेंच दिसतें. पण पावसाळ्यांत सरस ओल धरतो आणि सांधे सुटतात. म्हणून हिंदुस्थानांत पोलादी धनुष्यें निघालीं. तीं शस्त्रागारांत वर्षानुवर्षें टिकत, मात्र शार्ङ्गाची फेंक त्यांस नसे.

पायीं शिकार करणाऱ्या खानदेशी भिल्लानें वेळू सोडला नाहीं. त्याची प्रत्यंचाही वेळूच्याच कामटीची. ओल्या रानांत तांतीपेक्षां ती भरंवशाची. हें केवळ दारिद्र्याचें साधन, असें म्हणण्याची रीत आम्हांस मान्य नाहीं. संग्राहकांनीं पोथींत ‘चाप’ आढळल्यास धनुर्धर पायीं आहे कीं वाहनावर, हें आधीं पाहावें.