विसावा मणी

काळ्या पोतीचा लच्छा आपल्या घरांत आजही ओवला जातो. बारीक मणी, तंगूस आणि सुई हे सामान त्यामुळे घरात असतेच. सुट्टीत मुलींना त्याच सामानातून वेगळे काही करायला द्यायचे असेल, तर आम्ही सुचवतो डीएनएचे ब्रेसलेट.

डीएनए म्हणजे पेशीत असलेली लांबलचक दुहेरी माळ. तिच्यात मणी चारच प्रकारचे: ए, टी, जी आणि सी. एका सरात ए असेल तर समोरच्या सरात टी, आणि जी असेल तर सी. आम्ही ए लाल, टी पिवळा, जी हिरवा आणि सी निळा धरला. मणी चार मिलिमीटरचे घ्यावेत, फार बारीक नकोत. रंग वाचता आले पाहिजेत.

मनाला येईल तसे रंग ओवले तर ती नुसती रंगीत माळ होते. म्हणून आम्ही रक्तातले हिमोग्लोबिन घडवणाऱ्या एका जनुकाची सुरुवात घेतली: एटीजी, जीटीजी, सीएटी, सीटीजी, एसीटी, सीसीटी, जीएजी, जीएजी. तीन-तीन अक्षरांचा एक शब्द, असे आठ शब्द, चोवीस मणी. समोरच्या सरात त्यांचे जोडीदार. दर तीन मण्यांनंतर दोन्ही धागे एकाच सोनेरी मण्यातून काढायचे, म्हणजे सर शेजारी राहतात आणि शब्दही सुटे दिसतात. दोन्ही टोकांना एकेक सोनेरी मणी आणि शेवटी सरकती गाठ. खऱ्या डीएनएला उजवा पीळ असतो, नेहमीच्या स्क्रूच्या आट्यांसारखा. (छापील चित्रांत तो पुष्कळदा उलटा दिसतो!) ब्रेसलेटला मात्र आम्ही पीळ दिला नाही, कारण मग अक्षरे वाचता येत नाहीत.

झाले की मणी मोजा. लाल ११, पिवळे ११, हिरवे १३, निळे १३. एर्विन शारगाफ यांनी १९५० च्या सुमारास प्रयोगशाळेत हेच पाहिले होते: ए जितका तितकाच टी, जी जितका तितकाच सी. पुढे १९५३ मध्ये वॉटसन आणि क्रिक यांनी जोड्यांची रचना मांडली, तेव्हा त्या हिशोबाचा उलगडा झाला.

आता दुसरे ब्रेसलेट. सगळे तसेच, फक्त पहिल्या सरातला विसावा मणी लाल न घेता पिवळा घ्यायचा आणि त्याच्यासमोर लाल. जीएजीचे जीटीजी झाले. हा सिकलसेल आजार. या एका अक्षरामुळे हिमोग्लोबिनमधला ग्लुटामिक आम्लाचा एक घटक जाऊन तिथे व्हॅलिन येते, हे व्हर्नन इंग्रॅम यांनी १९५७ मध्ये दाखवले. मग तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि वेदनांचे झटके येतात. आपल्या राज्यात विदर्भात आणि नंदुरबारकडे हा आजार बराच आढळतो.

दोन्ही ब्रेसलेटांतले रंग मोजले तर आकडे तेच येतात: ११, ११, १३, १३. मोजणीत बदल सापडत नाही. माणसाचेही तसेच. आई किंवा वडील, एकाकडूनच बदललेले जनुक मिळाले तर तो वाहक असतो, आणि बहुतेक वेळा ठणठणीत असतो. पती-पत्नी दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी असण्याची शक्यता चारात एक. आपल्यात चुलत, मामे, मावस नात्यांत निकाह होतात. एकाच आजोबांकडून आलेला तो मणी दोघांकडेही असण्याची शक्यता तिथे वाढते. ज्या भागात हा आजार आहे, तिथे बोलणी पक्की होण्याआधी रक्ताची तपासणी करून घ्यावी. आणि दोघांचीही, रिपोर्ट फक्त मुलीकडे मागणे आम्हाला पटत नाही.

आमच्याकडे ही दोन्ही ब्रेसलेटे एकाच डबीत असतात. मुली पाहुण्या बायकांपुढे ती ठेवतात आणि फरक ओळखायला सांगतात. सगळ्या जणी आधी मणी मोजतात.