पावसाळ्यात उभ्या गाडीची निगा

मृग तोंडावर आला की वैभववाडीकडच्या गावांत घरोघर एकच लगबग असते. कौले चाळून झाली, लाकूडफाटा पडवीत आला, गुरांचा पेंढा माळ्यावर चढला, की मग मालकाची नजर खळ्यात उभ्या असलेल्या गाडीकडे वळते. कुणाचा भाड्याचा टेम्पो असतो, कुणाची मुंबईला असलेल्या मुलाने गावी आणून ठेवलेली मोटार असते. बाजारातून निळी ताडपत्री आणायची, गाडी डोक्यापासून चाकापर्यंत गुंडाळायची, सुंभाने करकचून आवळायची आणि म्हणायचे, "आता चतुर्थीक सोडूया!"

चतुर्थीला सोडतात तेव्हा आतून कुबट वास येतो, आसनांवर पांढरी बुरशी धरलेली असते, बॅटरी बोलत नाही आणि चार माणसांनी ढकलले तरी मागचे चाक हलत नाही. मालक पावसाला बोल लावतो. पण खरे सांगायचे तर पावसाचा यात दोष थोडा आहे. त्याच पावसात आपली एस. टी. रोज भिजते आणि वर्षानुवर्षे चालते. चालत्या गाडीला वारा लागतो, इंजिनची ऊब मिळते, ती भिजते तशी वाळते. उभी गाडी एकदा ओलावली की वाळतच नाही. लोखंडाला गंज चढायला अंगावर पाणीच पडावे लागते असे नाही. हवेतला दमटपणा शेकडा साठ-सत्तरच्या वर गेला की गंज आपले काम सुरू करतो. सह्याद्रीच्या अगदी पायथ्याशी असलेल्या आपल्या तालुक्यात आषाढ-श्रावणात दमटपणा ऐंशीच्या खाली क्वचितच येतो. जिल्ह्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरांहून जास्त पाऊस पडतो, आणि घाट चढून वर गगनबावड्याला गेलात तर त्याहूनही पुष्कळ अधिक.

तेव्हा पाणी अडवणे हे अर्धेच काम झाले. आत शिरलेली ओल बाहेर कशी जाईल, हा खरा प्रश्न.

शिक्षक मंडळींनी वर्गातल्या मुलांना हे सहज दाखवावे. पाऊस उघडला असेल अशा दिवशी शाळेच्या आवारात ओल्या जमिनीवर पारदर्शक प्लॅस्टिकचा एक तुकडा पसरा आणि कडांवर दगड ठेवा. मधल्या सुट्टीत मुलांना न्या. प्लॅस्टिकच्या खालच्या अंगाला पाण्याचे थेंब लोंबत असतील. वरून तर पाऊस पडला नाही, मग हे पाणी आले कुठून? जमिनीतून वाफ उठली, तिला वाट मिळाली नाही, ती थंड पडद्याला लागून पुन्हा पाणी झाली. आवळून बांधलेल्या ताडपत्रीखाली चार महिने रोज हेच चालते. म्हणजे आपण गाडीला पांघरूण घातले असे समजतो आणि घालतो मात्र अंघोळ.

आपल्या मालवण-देवगडच्या किनाऱ्यावर हे ज्ञान जुनेच आहे. पावसाळ्यात मासेमारी थांबली की होड्या वर ओढून घेतात. होडी वाळूत रुतवून ठेवत नाहीत, ओंडक्यांवर उचलून ठेवतात. वर माडाच्या झावळांचे विणलेले झाप घालतात. झापावरून पाणी ओघळते, पण झापातून आणि खालून वारा खेळत राहतो. गाडीसाठी याहून निराळे काही करायचे नाही.

घराला लागून चार खांबांचा, पत्र्याचा किंवा झापांचा माटव घालता आला तर उत्तम. आपल्याकडे पाऊस पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून झोडपतो, म्हणून त्या अंगाला आडोसा करावा आणि पूर्वेची बाजू मोकळी सोडावी. ताडपत्रीच वापरायची असेल तर आधी बांबूची कमान करून तिच्यावर ती टाकावी. ताडपत्री गाडीच्या अंगाला चिकटता कामा नये आणि तिची खालची कड जमिनीपासून हातभर तरी वर असावी. चाकांखाली जांभ्याचे चिरे सपाट बसवावेत, म्हणजे टायर चिखलात राहत नाहीत. जागा निवडताना वहाळाचा काठ, दरडीचा पायथा आणि फणसाचे झाड, ही तिन्ही टाळावीत. फणस पिकून टपावर पडला तर त्याची भरपाई मागायची कुणाकडे!

गाडी ठेवण्यापूर्वी ती धुऊन उन्हात पुरती वाळवावी. मडगार्डच्या आत आणि चासीच्या खाचांत बसलेला चिखल ओल धरून ठेवतो, तो काठीने खरवडून काढावा. मासळीची वाहतूक करणाऱ्यांनी तर हे काम दुप्पट काळजीने करावे. बर्फाचे पाणी आणि मिठाचे पाणी हौद्याच्या फटींतून खाली पाट्यांवर उतरते आणि मीठ हवेतली ओल स्वतःकडे ओढून घेते. असा टेम्पो गोड्या पाण्याने दोनदा धुतल्यावाचून ठेवूच नये. पुढच्या काचेखाली एक पन्हळ असते, तिच्यात झाडाची पाने साचतात आणि तुंबलेले पाणी गाडीच्या आत उतरते. ती पाने काढा. दारांच्या तळाशी बारीक भोके असतात, तीही तारेने मोकळी करा. दोन मिनिटांचे काम, पण पुष्कळ लोकांना ही भोके आहेत हेच ठाऊक नसते.

आता चाक का हलत नाही ते पाहू. हँडब्रेक ओढून गाडी ठेवली की ब्रेकचे लायनर ड्रमला घट्ट टेकून राहतात. दोहोंच्या मध्ये ओल जमते, गंज धरतो आणि ते एकमेकांना चिकटतात. म्हणून सपाट जागेवर गाडी गिअरमध्ये ठेवावी, चाकांना पुढून-मागून दगड लावावेत आणि हँडब्रेक सोडून द्यावा. टायरमध्ये हवा नेहमीपेक्षा किंचित जास्त भरावी आणि पंधरवड्यातून एकदा गाडी वीतभर पुढे-मागे करावी, म्हणजे टायर एकाच जागी दबत नाही.

बॅटरी भरलेली असेल तर तिचा दाब साडेबारा व्होल्टच्या थोडा वर असतो. तो बारावर आला म्हणजे ती जवळजवळ रिकामी झाली असे समजावे. रिकाम्या अवस्थेत पडून राहिलेल्या बॅटरीच्या पट्ट्यांवर गंधकाचे क्षार घट्ट बसतात आणि मग ती भरून घेतली तरी पहिल्यासारखी होत नाही. निदान एक तार, आधी ऋण टोकाची, सोडून ठेवावी आणि महिन्यातून एकदा बॅटरी चार्ज करून आणावी.

काही मालक मोठ्या हौसेने दर रविवारी पाच मिनिटे इंजिन चालू करून बंद करतात. याने फायद्यापेक्षा तोटाच होतो. इंजिन धड तापत नाही, जळणाऱ्या इंधनातून निघालेले पाणी सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्ये साठते, आणि सुरू करताना बॅटरीतून गेलेली वीजही भरून येत नाही. फिरवायचीच तर वीस-पंचवीस मिनिटे रस्त्यावर फिरवून आणा, नाहीतर निजू द्या बिचारीला. बंद खोलीत इंजिन मात्र कधीही चालू ठेवू नका. त्या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो, माणूस झोपेतच जातो.

इंधनाची टाकी भरून ठेवावी. अर्धी टाकी म्हणजे अर्धी दमट हवा, आणि त्या हवेतले पाणी टाकीच्या तळाशी उतरते. डिझेलमध्ये या पाण्याच्या थरावर सूक्ष्म जंतू वाढून चिकट गाळ धरतो. अलीकडच्या पेट्रोलमध्ये शेकडा वीसपर्यंत इथेनॉल असते आणि तेही पाणी शोषून घेते. लावणी आटोपल्यावर पॉवर टिलर ठेवणाऱ्या शेतकरी बंधूंनीही एवढे ध्यानात धरावे. टिलरच्या फाळांना जुने ऑइल फासायला विसरू नये.

उंदराला मात्र माटवही आवडतो आणि झापही. एअर फिल्टरच्या पेटीत तो घरटे करतो, वायरी कुरतडतो. जवळ भात, पेंढा, पेंड ठेवू नये आणि आठवड्यातून एकदा बॉनेट उघडून पाहावे. उघडताना हातात काठी असू द्या, कारण उंदरामागे कोण येतो ते आपल्याला सांगायला नको. सायलेन्सरच्या तोंडात चिंधी कोंबली असेल तर तशी चिठ्ठी स्टिअरिंगला बांधून ठेवावी.

युरोप-अमेरिकेत लोकांकडे स्वयंपाक आणि झोपण्याची सोय असलेली फिरती घरे असतात. त्यांचा कठीण काळ हिवाळा. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगते आणि नळ्या फोडते, म्हणून थंडीपूर्वी ते गाडीतल्या पाण्याचा थेंबन्‌थेंब काढून टाकतात. महाराष्ट्र शासनानेही २०२१ साली अशा कॅरव्हॅनच्या पर्यटनाचे धोरण आणले. आपल्या थंडीत पाणी काही गोठत नाही. तरी पावसाळ्यासाठी कॅरव्हॅन ठेवणाऱ्याने टाकी रिकामी करावीच, कारण साचलेले पाणी नासते. गाद्या घरात न्याव्यात, कपाटांची दारे उघडी ठेवावीत आणि गॅसची टाकी उतरवावी. प्लायवूड फुगले की पुन्हा सरळ होत नाही.

हस्ताचा पाऊस सरला आणि गाडी बाहेर काढली, की लगेच करूळ किंवा भुईबावडा घाट धरण्याची घाई करू नये. ब्रेकचे तेल हवेतले पाणी हळूहळू पिते. नवे डॉट थ्री जातीचे तेल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. तेच पाणी प्यायलेले झाले म्हणजे १४० अंशांच्या आसपासही उकळू शकते. गगनबावड्याहून भरलेला टेम्पो उतरताना ब्रेक सतत तापतात, तेलातल्या पाण्याची वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पायाखालची पट्टी तळाला जाते. एरवी सपाटीवर या दोषाचा पत्ताही लागत नाही. म्हणून हे तेल दोन वर्षांनी बदलावेच. ठेवलेली गाडी आधी खळ्यात माणसाच्या चालीने चालवून तीन-चारदा ब्रेक दाबून पाहावा, मग रिकाम्या गाडीने वैभववाडी ते तळेरे एक फेरी करावी, थांबून चारही चाकांजवळ हात नेऊन एखादे जास्त तापले आहे का ते बघावे, आणि मगच माल भरून घाटाला लागावे.