आडात आहे, तरी पोहऱ्यात का येत नाही? शरीरातील खनिजांच्या कमतरतेची कारणे

(परभणीतील व्याख्यानाचे शब्दांकन. शेवटी श्रोत्यांचे दोन प्रश्न.)



लोह, जस्त, कॅल्शियम, आयोडीन, मॅग्नेशियम ही सगळी खनिजं. यातलं एकही आपलं शरीर स्वतः तयार करू शकत नाही. ड जीवनसत्त्व निदान उन्हामुळे कातडीत तयार होतं. लोहाचं तसं नाही. ते मातीतून पिकात, पिकातून ताटात आणि ताटातून रक्तात यावं लागतं. म्हणून कुणाचं रक्त कमी निघालं की आपण म्हणतो, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? बाई नीट जेवत नाही, पालेभाजी खात नाही. झालं, कारण सापडलं!

मला आज सांगायचंय ते हे, की पुष्कळदा आडात असतं. ते पोहऱ्यात येत नाही, किंवा आलेलं गळून जातं. हा फरक ओळखला नाही तर उपाय चुकतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या स्त्रियांमध्ये रक्तक्षयाचं प्रमाण 2015-16 साली 48 टक्के होतं. 2019-21 मध्ये ते 54 टक्क्यांवर गेलं. सगळाच रक्तक्षय लोहामुळे होत नाही. बी-12, फॉलिक ॲसिड, सिकलसेल हीही कारणं असतात. पण लोहाची कमतरता हे त्यातलं मोठं कारण आहे.

मातीत अडकलेलं

सुरुवात शेतापासून करू, कारण ते आपल्या ओळखीचं आहे. आपली काळी जमीन बेसॉल्ट खडकापासून झाली, आणि या खडकात लोह भरपूर. तरीही चुनखडीच्या रानात भुईमुगाची, उसाची पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ही लोहाचीच कमतरता. जमिनीचा सामू आठच्या आसपास गेला की लोह पाण्यात विरघळत नाही, मुळांना ते घेता येत नाही. म्हणून आपण फेरस सल्फेट फवारतो. जस्ताचंही असंच, मराठवाड्यात झिंक सल्फेटची शिफारस नेहमी होते ती यासाठी. जमिनीत पिकाला जस्त मिळालं नाही, तर दाण्यातही ते कमी उतरतं.

'असणं' वेगळं आणि 'मिळणं' वेगळं, एवढं इथं लक्षात ठेवा. पोटात हेच घडतं.

ताटात अडकलेलं

आपल्या साध्या ज्वारीत किलोला सुमारे 30 मिलिग्रॅम लोह असतं. दिवसाला 300 ग्रॅम पिठाच्या भाकरी खाल्ल्या तर 9 मिलिग्रॅम झालं. इतर अन्नातून आणखी येतं. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020 च्या शिफारशीप्रमाणे स्त्रीला दिवसाला 29 मिलिग्रॅम लागतं, पुरुषाला 19. आता प्रश्न असा, की शरीराला खरी गरज दोन-अडीच मिलिग्रॅमची असताना 29 कशासाठी खायचं? कारण आपल्या जेवणातलं जेमतेम आठ टक्के लोह रक्तात जातं, असं धरूनच तो आकडा काढलाय.

बाकीचं अडवतं कोण? एक म्हणजे फायटेट. धान्य, डाळी, शेंगदाणे यांच्या दाण्यात रोपासाठी साठवलेलं हे फॉस्फरसचं रूप आहे. ते लोह आणि जस्त धरून ठेवतं, सोडत नाही. दुसरा म्हणजे चहा. त्यातलं टॅनिन लोहाला बांधून टाकतं. आपल्याकडे ताट उचललं की चहाचं आधण ठेवलं जातं, तेव्हा हे लक्षात घ्या.

जस्ताच्या कमतरतेचा शोधही भाकरीपाशीच लागला. बिहारमध्ये जन्मलेले डॉ. आनंद प्रसाद 1958 मध्ये इराणमधल्या शिराझला गेले. तिथं त्यांना वाढ खुंटलेले, वयात न आलेले तरुण भेटले. त्यांचं मुख्य अन्न म्हणजे गव्हाची न आंबवलेली रोटी. गव्हात जस्त होतं, पण फायटेटनं ते अडवलं होतं. तोवर माणसाला जस्त कमी पडू शकतं, हेच वैद्यकाला मान्य नव्हतं.

यावर उपाय आपल्या आजीच्या स्वयंपाकघरात होते. मटकीला मोड आणणं, पीठ आंबवून आंबील करणं. भिजवण्यानं, मोड येण्यानं आणि आंबवण्यानं फायटेट कमी होतं. जेवताना लिंबू पिळणं, आवळा किंवा पेरू खाणं हाही उपायच. क जीवनसत्त्व लोहाला विरघळलेलं ठेवतं. मटण-मासळी खाणाऱ्यांना त्यातलं लोह जास्त सहज मिळतं.

आणखी एक अडथळा आपण स्वतः उभा करतो. लोह विरघळायला जठरात आम्ल लागतं. पित्ताची गोळी महिनोन्‌महिने, डॉक्टरांना न विचारता रोज उपाशीपोटी घेतली, तर पोटाचा सामू वाढतो. चुनखडीच्या रानात झालं तेच इथं होतं. या गोळ्या फार काळ चालल्या तर मॅग्नेशियमही उतरू शकतं.

गळून जाणारं

आता गळती बघू. एक मिलिलिटर रक्तात सुमारे अर्धा मिलिग्रॅम लोह असतं. पाळीत महिन्याला 80 मिलिलिटरपेक्षा जास्त रक्त जात असेल, तर ते आहारातून भरून निघणं अवघड. बाया हे सांगत नाहीत, आणि आपण विचारत नाही.

दुसरी गळती हुकवर्मची. हा जंत ओल्या मातीतून अनवाणी तळपायातून शिरतो आणि आतड्याला चिकटून रक्त पितो. शेतात चप्पल, घरी शौचालय आणि शाळा-अंगणवाडीत मिळणारी अल्बेंडाझोलची गोळी, हे तीनही लोहाचेच उपचार आहेत. लहान मुलांच्या जुलाबात जस्त वाहून जातं. म्हणून ओआरएसबरोबर 14 दिवस झिंकची गोळी देतात. जुलाब थांबले तरी ती बंद करायची नाही.

आणि एक गोष्ट ठासून सांगतो. पन्नाशीच्या पुरुषात किंवा पाळी गेलेल्या बाईत लोह कमी निघालं, तर नुसती टॉनिकची बाटली घेऊन घरी जाऊ नका. मूळव्याध, अल्सर, आतड्याचा कर्करोग यांतून आत रक्त झिरपत असू शकतं. तिथं लोहाची कमतरता हा निरोप असतो. तो वाचायचा असतो.

जिथं आडातच नसतं

आयोडीनचं मात्र वेगळं. पावसापाण्यानं ते जमिनीतून वाहून जातं, मग पिकातच येत नाही. म्हणून 1962 पासून देशात ते मिठातून देण्याचा कार्यक्रम आहे. इथं ताट बदलून भागत नाही, बाहेरूनच घालावं लागतं. कॅल्शियमचंही ज्वारीत तुटपुंजंच. शंभर ग्रॅमला तीसेक मिलिग्रॅम. नाचणीत ते दहापटीहून जास्त. दूध-ताक, तीळ, नाचणी ताटात नसेल तर हाडातलं कॅल्शियम खर्ची पडतं.

लोह-जस्तासाठी आडच भरण्याचा एक प्रयत्न आपल्या गावातच झाला. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आणि इक्रिसॅट यांनी 'परभणी शक्ती' हे ज्वारीचं वाण 2018 मध्ये आणलं. त्यात किलोला सुमारे 45 मिलिग्रॅम लोह आणि 32 मिलिग्रॅम जस्त आहे. म्हणजे त्याच 300 ग्रॅम पिठातून 9 च्या जागी साडेतेरा मिलिग्रॅम. पण वर चहा घेतला तर फायदा पुन्हा कमीच.

श्रोत्यांचे प्रश्न

*रोज गूळ-शेंगदाणे खाते, तरी हिमोग्लोबिन वाढंना. असं का?*

ताई, वीस ग्रॅम गुळातून मोठ्या मुश्किलीनं एक मिलिग्रॅम लोह येतं, आणि शेंगदाण्यात फायटेट. अन्न म्हणून जरूर खा. पण सरकारी लाल गोळीत 60 मिलिग्रॅम लोह असतं. एकदा कमतरता झाली की ती भरायला गोळीच लागते. आणि पाळीचं काय, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

*सुनेला दिवस गेलेत. गोळीनं मळमळतं, शौचाला काळी होते, म्हणून तिनं बंद केली.*

काळी होणं हे गोळीतल्या लोहामुळे, त्यात घाबरण्यासारखं नाही. मळमळत असेल तर रात्री जेवणानंतर घ्या. कॅल्शियमची गोळी तिच्यासोबत देऊ नका, दोन तासांचं अंतर ठेवा. एकत्र घेतल्या तर लोह कमी शोषलं जातं. बाळंतपणात रक्त जातंच. ज्या बाईचं हिमोग्लोबिन आधीच सातवर आहे, तिच्याकडे तेवढं रक्त गमवायला शिल्लक नसतं. तेव्हा उद्याच आशाताईंना भेटा, आणि गोळी पुन्हा सुरू करा.